नागिऑस रोज रात्री २:१० ला बोंब मारतं आणि २:१४ ला गप्प होतं. डोकं चालेनासं झालंय

खटपट्या (सोमवार, २३:४२)

मंडळी, तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या हौसेने नागिऑस (उपकरणांवर नजर ठेवून बिघाड झाला की मेल पाठवणारं साधन) बसवलं. एकूण ४३ उपकरणं आहेत. १९ सर्व्हर, बाकी स्विच, राउटर, दोन फायरवॉल आणि कुणीच वाली नसलेले चार प्रिंटर. सर्व्हरवर एनआरपीई (सर्व्हरच्या आत तपासण्या चालवून उत्तर देणारा छोटा प्रोग्राम), स्विचना एसएनएमपी (नेटवर्कच्या उपकरणांशी बोलायची भाषा). सगळ्या मिळून सर्व्हिसेस (म्हणजे तपासायच्या गोष्टी) २६० च्या आसपास.

पहिले दोन दिवस ब्राउझरमध्ये 'हे पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही' एवढंच दिसत होतं. पासवर्डच्या फाइलमध्ये मी युजरचं नाव एक ठेवलं होतं आणि सीजीआयच्या (वेब पानांच्या) कॉन्फिगमध्ये मूळचं 'नागिऑसॲडमिन' तसंच राहिलं होतं. ते सुटलं. मग एनआरपीई एसएसएल हँडशेकवरून (सुरक्षित जोडणीच्या सुरुवातीवरून) रडायला लागलं. कारण एवढंच, की त्या सर्व्हरवरच्या 'अलाउड होस्ट्स'मध्ये मॉनिटरिंग सर्व्हरचा आयपीच नव्हता. तेही सुटलं. सगळं हिरवंगार झालं. मी खूश.

आता खरी रड. रोज रात्री २:१० ते २:१४ या चार मिनिटांत कधी ५०, कधी ८० मेल येतात. क्रिटिकल, क्रिटिकल, क्रिटिकल, आणि लगेच मागोमाग रिकव्हरी. सकाळी बघावं तर सगळं ठणठणीत. आठवडाभराने कंटाळून मी हे मेल वेगळ्या फोल्डरात टाकायचा नियम लावला.

आणि नेमकं परवा भर दुपारी डेटाबेस सर्व्हर आडवा झाला. तो म्हणतो डिस्कवर जागा नाही. नागिऑस म्हणतं डिस्क ६० टक्के रिकामी, सब ठीक. म्हणजे रात्री काही नसताना ओरडतं आणि दिवसा घर जळताना झोपतं.

तर प्रश्न तीन. रात्रीचं भूत काय आहे? डिस्कचं गौडबंगाल काय? आणि हे काढून दुसरं काही बसवू का?

---

निवांत (सोमवार, २३:५१)

४३ उपकरणांना मॉनिटरिंग? आमच्याकडे वापरकर्ते आहेत. काही बंद पडलं की अर्ध्या मिनिटात फोन येतो. कॉन्फिग शून्य, खोटे अलर्ट शून्य.

---

बाइटबहाद्दर (मंगळवार, ००:०५)

प्रश्न ३ चं उत्तर: हो, काढा. नागिऑस १९९९ चं आहे, तेव्हा त्याचं नाव नेटसेंट होतं. आज नवीन बसवणाऱ्याने प्रोमिथियस हे मॉनिटरिंगचं साधनच बसवावं. प्रत्येक सर्व्हरवर नोड एक्स्पोर्टर टाका (मशीनचे आकडे देणारा प्रोग्राम, पोर्ट ९१००), प्रोमिथियस दर १५ सेकंदांनी आकडे ओढून आणतो, वर आलेखांसाठी ग्राफाना लावा. २६० सर्व्हिसेस हाताने लिहीत बसण्याचे दिवस गेले.

---

जुनाजाणता (मंगळवार, ००:१९)

बहाद्दर, पेशंट ताप घेऊन आलाय आणि तुम्ही त्याला घर बदला म्हणताय. :)

मी एमआरटीजीच्या काळापासून हे धंदे करतोय. ते १९९५ चं. दर पाच मिनिटांनी राउटरला विचारायचं 'किती बाइट गेले' आणि चित्र काढायचं, एवढंच त्याचं काम. तेव्हापासून आजवर सहा साधनं बदलून पाहिली. रात्रीची भुतं प्रत्येक साधनात आली, कारण ती साधनात नव्हतीच. आधी रोग शोधा. २:१० ला काहीतरी खरंच घडतंय.

---

ग्रेपवती (मंगळवार, ००:३३)

खटपट्या, अंदाजपंचे उत्तरं द्यायच्या आधी चार गोष्टी हव्यात.

१. सर्व्हिसच्या टेम्प्लेटमध्ये मॅक्स चेक अटेम्प्ट्स किती आहे?
२. रात्री लाल होणारी उपकरणं रोज तीच असतात की वेगळी?
३. त्या वेळेला बॅकअप, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), फायरवॉलचं काही अपडेट?
४. नागिऑसच्या लॉगमधल्या त्या चार मिनिटांच्या ओळी.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आमच्याकडे नियम आहे: बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. लॉग दाखवा, मग बोलू.

---

तळटीप (मंगळवार, ००:४०)

डिस्कवाल्या प्रश्नाचं मी घेतो, सोपं आहे. त्या सर्व्हरवर 'डीएफ'ला (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) '-आय' लावून चालवा. पैज लावतो, आयनोड (फाइलींची नोंद ठेवणारे रकाने) संपलेत. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, मग ती एका अक्षराची का असेना. एक्स्ट४ या फाइलसिस्टिममध्ये त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. कुठलातरी प्रोग्राम लाखो चिटुकल्या फाइली बनवत असेल तर जागा उरते पण आयनोड संपतात, आणि कर्नल दोन्हीला एकच निरोप देतो, 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही'.

चेक डिस्क प्लगइन आयनोडही बघतं, पण सांगितलं तर. मोठा डब्ल्यू आणि मोठा के असे दोन वेगळे पर्याय आहेत. तुम्ही बहुतेक छोटा डब्ल्यू आणि छोटा सी एवढेच दिले असणार.

---

शंकासुर (मंगळवार, ०८:१५)

मी नवीन आहे, हसू नका. एसएनएमपीने स्विचला आपण विचारायचं असतं की स्विच आपणहून सांगतो? आणि ग्रेपवतीताई, ते अटेम्प्ट्सचं काय?

---

पोर्ट१६१ (मंगळवार, ०८:४८)

दोन्ही. आपण विचारलं तर यूडीपी पोर्ट १६१, स्विच आपणहून बोंबलला तर तो ट्रॅप, पोर्ट १६२. ट्रॅप लगेच कळतो, पण यूडीपीत पोचपावती नसल्याने वाटेत हरवला तर कुणाला पत्ताही लागत नाही. आणि ज्या स्विचची वीजच गेली तो ट्रॅप तरी कसा पाठवणार? मेलेला माणूस 'मी मेलो' असं सांगत नाही. म्हणून आपण विचारत राहणं टळत नाही.

खटपट्या, जाता जाता: कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डच म्हणा) 'पब्लिक'च ठेवली असेल तर आज बदला. आवृत्ती १ आणि २सी मध्ये ती वायरवरून जशीच्या तशी, उघड जाते. स्विच झेपवत असतील तर आवृत्ती ३ वापरा, प्रमाणीकरण आणि कूटलेखन दोन्ही चालू करून.

---

ग्रेपवती (मंगळवार, ०९:०२)

शंकासुर, नागिऑस एखादा चेक फसल्याबरोबर मेल पाठवत नाही. आधी त्याला 'सॉफ्ट' अवस्था म्हणतं, थोड्या अंतराने पुन्हा तपासतं, आणि ठरलेले सगळे प्रयत्न फसले की 'हार्ड'. मेल जातो तो हार्ड झाल्यावर. किती प्रयत्न, ते मॅक्स चेक अटेम्प्ट्समध्ये. सोबत येणाऱ्या सर्व्हिस टेम्प्लेटमध्ये ३ असतात. दार वाजवून 'कोण आहे?' असं दोन-तीनदा विचारतो ना, तसंच. पहिल्या हाकेला ओ आली नाही म्हणून कुणी दार फोडत नाही.

---

खटपट्या (मंगळवार, १०:३०)

दार फोडणारा मीच. १ केलंय. लगेच कळावं म्हणून. :(

बाकीची उत्तरं. रात्रीचे बळी रोज वेगळे असतात. एका रात्री प्रिंटर आणि मेल सर्व्हर, दुसऱ्या रात्री तीन स्विच आणि वेब सर्व्हर. परवा तर लोकलहोस्टचा वेब चेकही दहा सेकंदांचा टाइमआउट होऊन लाल झाला. बॅकअप रात्री १२ च्या आत संपतो, मी स्वतः तपासलंय. क्रॉनमध्ये काही नाही.

लॉग देतो, पण त्यात वेळेच्या जागी दहा आकडी नंबर आहेत. ते कसे वाचायचे?

तळटीप, तुम्ही पैज जिंकलात. आयनोड १०० टक्के. एका जुन्या वेब ॲपच्या सेशन फाइली, कधीच न पुसलेल्या. दंडवत घ्या.

---

तळटीप (मंगळवार, १०:३४)

दंडवत पोचला. पुसताना पूर्ण फोल्डरवर 'आरएम स्टार' मारू नका, शेल 'यादी फार लांब आहे' म्हणून हात वर करेल. 'फाइंड' आणि त्याचा डिलीट पर्याय वापरा. तोही आधी डिलीट न लावता नुसता चालवून बघा. हे अनुभवाचे बोल आहेत, तपशील विचारू नयेत.

---

जुनाजाणता (मंगळवार, १०:५१)

ते दहा आकडे म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे (यूटीसी) सेकंद. 'डेट' कमांडला '-डी' आणि '@' लावून तो नंबर द्या, माणसांची वेळ मिळेल.

---

झॅबिक्सप्रेमी (मंगळवार, ११:२०)

कुणीच झॅबिक्सचं नाव काढलं नाही म्हणून आलो. एकाच ठिकाणी आकडे, आलेख, अलर्ट, टेम्प्लेट, सगळं. स्विच जोडला की त्याचे पोर्ट स्वतः शोधतं. २००१ पासून आहे, फुकट आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्या लॉगिनला 'ॲडमिन'चा ए मोठा लागतो. आणि ॲक्टिव्ह चेक (सर्व्हरवरचा एजंट प्रोग्राम आपणहून आकडे पाठवतो ते) वापरणार असाल तर एजंटच्या कॉन्फिगमधलं होस्टनेम आणि वेबवर टाकलेलं नाव अक्षरशः एकच हवं. तिथे एका कॅपिटल अक्षरापायी माझे चार तास गेलेत.

---

बाइटबहाद्दर (मंगळवार, ११:३१)

आणि तो डेटाबेस कोण सांभाळणार? इतिहास वाढत गेला की झॅबिक्सचा मायएसक्यूएल हीच मॉनिटर करायची ४४ वी वस्तू होते.

---

झॅबिक्सप्रेमी (मंगळवार, ११:३८)

तुमच्याकडे पंधरा दिवसांनी इतिहासच पुसला जातो त्याचं काय?

---

बाइटबहाद्दर (मंगळवार, ११:४०)

ते डीफॉल्ट आहे, बदलता येतं! कागद वाचून बोला.

---

निवांत (मंगळवार, ११:४४)

सुरू झालं. माझे वापरकर्ते डेटाबेसशिवाय चालतात. बाकी चालू द्या.

---

पोर्ट१६१ (मंगळवार, १२:१०)

साधनांची भांडणं बाजूला ठेवून एक किस्सा. तुम्ही कुठलंही साधन घ्या, हा भेटणारच.

आमचा मुख्य स्विच. कधी बंद न पडलेला, कुणी हात न लावलेला. एका पहाटे अलर्ट: 'स्विच रीबूट झाला'. सगळे धावले. वीज तपासली, यूपीएस तपासला, आदल्या दिवशी रॅकजवळ गेलेल्या एका बिचाऱ्याची उलटतपासणी झाली. स्विचच्या स्वतःच्या लॉगमध्ये मात्र रीबूटची नोंदच नाही.

झालं होतं असं. एसएनएमपीतला सिसअपटाइम (उपकरण किती वेळ चालू आहे तो आकडा) ३२ बिटांचा आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो. मांडा गणित: ४९७ दिवसांनी तो भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. आमचं साधन 'अपटाइम कमी झाला म्हणजे रीबूट' एवढंच जाणत होतं. स्विच ४९७ दिवस न थकता चालला याचं बक्षीस म्हणून आम्ही त्याला आजारी ठरवलं.

याचा चुलतभाऊ म्हणजे ट्रॅफिकचा काउंटर. जुना इफइनऑक्टेट्स ३२ बिटांचा, ४२९ कोटी बाइटांच्या आसपास गेला की शून्य. गिगाबिटची वायर भरून वाहत असेल तर ३४ सेकंदांत तो उलटतो. तुम्ही विचारता दर पाच मिनिटांनी. मधे किती वेळा उलटला कुणाला ठाऊक? आलेख सुरेख दिसतो आणि साफ खोटा असतो. ६४ बिटांचा 'एचसी' काउंटर घ्या. तो आवृत्ती १ मध्ये मिळत नाही, निदान २सी हवी.

---

शंकासुर (मंगळवार, १२:२२)

वाचनखूण साठवली. त्या रॅकजवळच्या बिचाऱ्याची नंतर कुणी माफी मागितली का?

---

पोर्ट१६१ (मंगळवार, १२:२५)

तो मीच होतो. नाही.

---

ग्रेपवती (मंगळवार, १३:४०)

जेवढं मिळालंय त्यावर बोलते. लॉग अजून यायचाय, पण खटपट्याने एक ओळ सहज लिहून टाकली आणि सगळे डिस्कच्या मागे लागले. ती ओळ: 'परवा तर लोकलहोस्टचा वेब चेकही लाल झाला'.

थांबा जरा. लोकलहोस्ट म्हणजे नागिऑसचं स्वतःचं मशीन, त्याचं पॅकेट वायरला शिवतच नाही. ते मशीनच्या आतल्या आत जातं आणि येतं. स्विच जळो, राउटर बुडो, त्याला फरक पडत नाही. म्हणजे नेटवर्कचा दोष असेल तर लोकलहोस्ट लाल व्हायला नको.

दुसरं, बळी रोज वेगळे. प्रिंटर, स्विच, वेब सर्व्हर, यांच्यात समान काय? वेगवेगळ्या पोर्टवर, वेगवेगळ्या मजल्यावर असतील. समान एकच: त्या क्षणी त्यांना तपासण्याची पाळी होती. नागिऑस २६० चेक एकदम मारत नाही, वेळेत पसरवतं. त्या चार मिनिटांत ज्याची पाळी आली तो मेला. पाळ्या रोज थोड्या सरकतात, म्हणून बळी बदलतात.

म्हणजे ४३ उपकरणं बरी आहेत. आजारी आहे ते ४४ वं, खुद्द नागिऑसचं मशीन. काखेत कळसा.

आता सांगा, ते मशीन खरं आहे की व्हर्च्युअल? आणि त्यावर क्रोनी (घड्याळ बरोबर ठेवणारा प्रोग्राम) चालू असेल तर २:१० च्या सुमाराचा त्याचा लॉग काढा. नागिऑसचा नको, क्रोनीचा.

---

जुनाजाणता (मंगळवार, १३:४६)

दहा वर्षांपूर्वी अशी सहकारी मिळाली असती तर माझे केस शाबूत असते.

---

आडवाप्रश्न (मंगळवार, १४:०५)

एवढा खटाटोप कशाला? २ ते २:३० डाउनटाइम लावून टाका. शेड्यूल होतं ना नागिऑसमध्ये? मेल बंद, प्रश्न खलास.

---

ग्रेपवती (मंगळवार, १४:११)

प्रश्न नाही, प्रश्न दिसणं खलास. ज्या अर्ध्या तासात कुणी बघत नाही ते तुम्ही लिहून ठेवताय. २:०५ ला खरंच राउटर गेला तर?

---

आडवाप्रश्न (मंगळवार, १४:१५)

तर २:३० ला कळेल. रात्री अडीचला कुणाचं काय अडतं? २५ मिनिटांसाठी एखाद्याची रोजची झोप मोडायची हा कुठला न्याय? तुमचं तत्त्व बरोबर असेल, पण मेल वाचणारा माणूस एकच आहे आणि तो थकलाय.

---

जुनाजाणता (मंगळवार, १४:३०)

आडवाप्रश्न यांचं शेवटचं वाक्य मला पटतं, उपाय पटत नाही. खटपट्याने मेल फोल्डरात ढकलले तिथेच मॉनिटरिंग संपलं होतं. लांडगा आला रे आला. डेटाबेसच्या दिवशी आयनोडचा चेक असता आणि त्याचा मेल आला असता, तरी तो त्याच फोल्डरात पडून राहिला असता.

माझा साधा नियम: मेल आल्यावर उठून काही करायचं नसेल तर तो मेल नको, त्याचा आलेख पुरे. प्रिंटरचा कागद संपल्याचा अलर्ट मी आयुष्यात एकदाच लावला होता.

---

खटपट्या (मंगळवार, १७:५५)

ग्रेपवतीताई, हात जोडले.

मशीन व्हर्च्युअल आहे. क्रोनीच्या लॉगमध्ये गेल्या सात रात्री, २:१० च्या पुढेमागे, हीच ओळ: 'फॉरवर्ड टाइम जंप डिटेक्टेड'. घड्याळ एकदम पुढे उडालंय, म्हणजे मशीन मधला वेळ थिजलेलं होतं.

मग व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, 'हो, सगळ्या मशीनच्या इमेजचा बॅकअप दीडला सुरू होतो. तुझ्या मशीनची पाळी दोनच्या सुमाराला येते. स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतो आणि नंतर तो मिटवताना मशीन थोडं अडखळतं.' मी बारा वाजता संपणारा फाइलींचा बॅकअप बघत होतो. इमेजचा बॅकअप वेगळा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

वर तो असंही म्हणाला, 'तुझं मशीन सगळ्यात जुन्या, संथ डिस्कवर ठेवलंय, मॉनिटरिंगच तर आहे'. म्हणून बाकीची मशीनं क्षणभर अडखळतात आणि माझं मिनिटभर गोठतं. तेवढ्यात ज्या चेकची उत्तरं यायची ती घ्यायला कुणी जागंच नसतं. आणि अटेम्प्ट १ असल्यामुळे पहिल्याच फटक्याला मेल.

---

निवांत (मंगळवार, १७:५९)

पहारेकऱ्यालाच रोज रात्री फेफरं येतं आणि उठल्यावर तो गावभर सांगतो की तुम्ही सगळे मेला होतात. हलके घ्या, पण हे भारी आहे.

---

पोर्ट१६१ (मंगळवार, १८:०४)

कुंपणानेच शेत खाल्लं.

---

बाइटबहाद्दर (मंगळवार, १८:२०)

मान्य करतो, हेच मशीन असतं तर प्रोमिथियसही गोठलं असतं. पण माझ्याकडे अलर्टला 'फॉर ५ मिनिटं' लिहिलेलं असतं, म्हणजे पाच मिनिटं सलग बिघाड राहिला तरच बोंब. हा घोळ झाला नसता.

---

ग्रेपवती (मंगळवार, १८:२६)

तेच तर नागिऑसचे तीन अटेम्प्ट. भाषा वेगळी, भाव एकच. खटपट्याने बंद केले होते. तुमचा 'फॉर' कुणी काढला असता तर तुमच्याकडेही हेच.

खटपट्या, करायचं ते सांगते. अटेम्प्ट ३ करा. मशीन चांगल्या डिस्कवर हलवा. आणि त्याच्या इमेजचा रोजचा बॅकअप हवाच कशाला? नागिऑसचं सगळं कॉन्फिग म्हणजे साध्या मजकुराच्या फाइली. गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणारं साधन) ठेवा, बदल केला की कमिट. मशीन उडालं तर तासाभरात नवीन उभं राहील. शिवाय 'काल काय बदललं?' याचं उत्तर फुकटात मिळतं. आणि रीस्टार्टच्या आधी दर वेळी '-व्ही' देऊन कॉन्फिग तपासून घ्या. एक महिरपी कंस राहिला तर नागिऑस उठणारच नाही. न उठलेलं नागिऑस मेल पाठवत नाही, आणि तुम्हाला वाटतं आज शांतता आहे.

---

शंकासुर (मंगळवार, १९:१०)

मग नागिऑस चालू आहे की नाही हे कोण बघणार? आणि त्याला कोण बघणार?

---

बाइटबहाद्दर (मंगळवार, १९:२२)

शंकासुर, हा आजचा सर्वात चांगला प्रश्न. आमच्याकडे यासाठी उलटा अलर्ट असतो. तो कायम वाजत असतो आणि दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणी पोचत राहतो. तो पोचायचा थांबला की तिकडची व्यवस्था बोंब मारते. अलर्ट तयार होण्यापासून पोचेपर्यंतची पूर्ण साखळी त्यात तपासली जाते. नागिऑससाठी एवढं नको. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर क्रॉनमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट ठेवा, नागिऑसची स्टेटस फाइल किती जुनी आहे ते बघणारी. फक्त तिचा मेल त्याच मेल सर्व्हरमधून पाठवू नका, म्हणजे झालं.

---

मोडकंतोडकं (मंगळवार, २१:०३)

धागा मार्गी लागलाय, पण माझंही एक अडलंय म्हणून इथेच विचारते. मी लिहिलेलं प्लगइन हाताने चालवलं की झकास चालतं. नागिऑसमधून 'एनआरपीई: अनेबल टू रीड आउटपुट'. तीन दिवस झाले.

---

तळटीप (मंगळवार, २१:१०)

हाताने म्हणजे रूट होऊन ना? तिथेच मेख आहे. एनआरपीई ते 'नागिऑस' किंवा 'एनआरपीई' नावाच्या गरीब युजरने चालवतं. त्याचा पाथ वेगळा, हक्क वेगळे. 'सुडो -यू' करून त्याच युजरच्या कातड्यात शिरा आणि मग चालवा. त्या निरोपाचा अर्थ इतकाच, की प्लगइनने पडद्यावर एक अक्षरही छापलं नाही. बऱ्याचदा ते सुरुवातीलाच मेलेलं असतं.

तरी चाललं तर एसईलिनक्सचा (लिनक्सवरच्या जादा सुरक्षा पहाऱ्याचा) ऑडिट लॉग बघा. एसईलिनक्सच बंद करून टाका असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

---

मोडकंतोडकं (मंगळवार, २१:४१)

सापडलं! स्क्रिप्ट /टीएमपी मध्ये मागच्या वेळचा आकडा साठवते. पहिल्यांदा रूटने चालवल्यामुळे ती फाइल रूटची झाली. गरीब युजरला त्यात लिहिता येईना, म्हणून छापायच्या आधीच मरण. माझ्याच चाचणीने माझं प्लगइन मोडलं.

---

खटपट्या (शुक्रवार, २२:१५)

मंडळी, अहवाल.

मशीन हलवलं, इमेजचा बॅकअप आठवड्यातून एकदा दिवसा, कॉन्फिग गिटमध्ये. सर्व्हिसचे अटेम्प्ट ३. आयनोडचे चेक सगळ्या १९ सर्व्हरवर. मेलचा तो फोल्डर नियमासकट उडवला. गेल्या तीन रात्री २:१० ला शून्य मेल.

मग शांतताच खुपायला लागली, म्हणून आज चाचणी घेतली. आधी प्रत्येक उपकरणाला 'पेरेंट्स' लिहिले, कोण कोणाच्या मागे आहे ते. मग दुसऱ्या मजल्याच्या स्विचची वरची वायर उपटली. त्याच्यामागे सहा सर्व्हर. अपेक्षा अशी, की एकच मेल येईल, स्विच डाउन.

सात आले. एक स्विच 'डाउन' आणि सहा सर्व्हर 'अनरीचेबल'. आणि स्विचचा मेल आला तो वायर काढल्यावर तब्बल ११ मिनिटांनी. अकरा मिनिटं मी हातात वायर धरून उभा. आता काय चुकलं?

---

ग्रेपवती (शुक्रवार, २२:३८)

दोन्हींची उत्तरं टेम्प्लेटमध्ये आहेत, भूतबित नाही.

अटेम्प्ट तुम्ही सर्व्हिसचे बदललेत. होस्टचे वेगळे असतात, आणि सोबत आलेल्या स्विचच्या टेम्प्लेटमध्ये ते १० आहेत. पाच मिनिटांनी एक नेहमीचा चेक, तो फसला की दर मिनिटाला एक. पहिला फसल्यावर आणखी नऊ. म्हणजे वायर कधी काढली त्यावर ९ ते १४ मिनिटं. तुमची ११ त्यात बसतात. ४ करा.

सहा मेलचं: 'पेरेंट्स'ने नागिऑसला इतकंच कळतं की हे सर्व्हर मेले नाहीत, वाट बंद आहे. मेल पाठवायचा की नाही हे नोटिफिकेशन ऑप्शन्समध्ये ठरतं. स्विचच्या टेम्प्लेटमध्ये 'डी, आर' आहे, लिनक्स सर्व्हरच्यात 'डी, यू, आर'. तो 'यू' म्हणजे अनरीचेबल. काढा.

---

खटपट्या (शुक्रवार, २३:२०)

४ केले, 'यू' काढला, '-व्ही' मारलं, रीस्टार्ट. पुन्हा वायर उपटली. सहाव्या मिनिटाला मेल. एकच.

---

निवांत (शुक्रवार, २३:२४)

आणि फोन किती आले?

---

खटपट्या (शुक्रवार, २३:२६)

दोन. दोन्ही पहिल्या मिनिटात. :)